गेमवर पीएचडी? होय, १९५२पासून

व्हॉट्सॲपवर एक मजकूर गेली काही वर्षं कपडे बदलून फिरतोय. कधी त्यात परदेशी विद्यापीठं असतात, कधी ‘आपल्या करांचा पैसा’. मुद्दे मात्र तेच. कॉम्प्युटर गेमवर पीएचडी करणं हे हल्लीचं थेर आहे. गेम खेळत बसणाऱ्यांनी त्याला संशोधन असं गोंडस नाव दिलंय. समाजाला त्यातून दमडीचा फायदा नाही. गेममुळे मुलं हिंसक होतात हे शास्त्रज्ञांनी कधीच सिद्ध केलंय. हे अभ्यासक कंपन्यांचे मिंधे आहेत. आणि भारताला तर या सगळ्याची गरजच नाही.

गंमत बघा, एकाच मजकुरात ‘यात अभ्यासण्यासारखं काही नाही’ आणि ‘अभ्यासाने सिद्ध झालंय’ ही दोन्ही वाक्यं सुखाने नांदतात. तरीही हे पाठवणारे बहुतेक आईबाप किंवा शिक्षक असतात आणि त्यांची काळजी खरी असते. तेव्हा मुद्दे एकेक करून घेऊ.

‘हे हल्लीचं थेर आहे’

१९५२ साली केंब्रिज विद्यापीठात सँडी डग्लस नावाचा विद्यार्थी माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीवर पीएचडी करत होता. दाखला म्हणून त्याने तिथल्या एडसॅक या अवाढव्य संगणकावर फुली-गोळा बसवला. खेळाडूने टेलिफोनची तबकडी फिरवून चौकटीचा आकडा कळवायचा, यंत्राची खेळी समोरच्या काचेवर ठिपक्यांत उमटायची. पडद्यावर दिसणाऱ्या अगदी पहिल्यावहिल्या कॉम्प्युटर गेमांपैकी हा एक, आणि तो जन्मला पीएचडीच्याच पोटी. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संगणकाला बुद्धिबळ कसं खेळायला लावावं यावर निबंध लिहिला होता. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना तर आपला बुद्धिबळाचा प्रोग्राम चालवू शकेल असा संगणक मिळेना, तेव्हा त्यांनी नियम कागदावर ठेवून, स्वतःच यंत्र होऊन डाव खेळून पाहिला.

खेळ या गोष्टीचा अभ्यास तर त्याहून जुना. संस्कृती खेळाच्या रूपातच आकाराला येते, असं डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८मध्ये मांडलं. साधारण त्याच सुमारास बडोद्याला द. चिं. मुजुमदार मराठीत व्यायामज्ञानकोशाचे खंडामागून खंड काढत होते. दहा खंड झाले. तेव्हा कुणी ‘खेळावर कसले ग्रंथ लिहिता’ असं विचारलं असेलही, पण ग्रंथ आज कामाला येतात.

कॉम्प्युटर गेमपुरतंच बोलायचं तर ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक नॉर्वेचे एस्पेन ऑर्सेत यांच्या संपादनाखाली २००१मध्ये सुरू झालं, आणि डिग्रा ही अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना २००३मध्ये.

‘खेळत बसायचं आणि त्याला संशोधन म्हणायचं’

सप्टेंबर २००५. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या लाखो लोक ऑनलाइन खेळत असलेल्या गेममध्ये एक नवा भाग खुला झाला. त्यातला हक्कार नावाचा राक्षस लढताना खेळाडूला शाप द्यायचा. शाप लागला की जीव झपाट्याने आटत जायचा आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही लागण व्हायची. हा शाप त्या भागाबाहेर जाणार नाही असं बनवणाऱ्यांनी धरलं होतं. पण काही खेळाडूंजवळ पाळीव प्राणी असतात. लागण झालेला प्राणी तिथल्या तिथे गायब करायचा आणि शहरात आल्यावर पुन्हा हाक मारून बोलवायचा, ही पळवाट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. प्राणी भर चौकात प्रकटला, शाप घेऊनच. शहरातले दुकानदार, पहारेकरी ही गेमने चालवलेली पात्रं. त्यांना लागण व्हायची, पण ती मरायची नाहीत, नुसती पसरवत राहायची. मुरलेले खेळाडू तग धरायचे, नवखे दोन-चार क्षणांत आडवे. बघता बघता रस्ते सांगाड्यांनी भरून गेले.

खरी गोष्ट पुढेच आहे. ज्यांच्या पात्रांना बरं करायची विद्या येत होती, ते कुणी न सांगता मदतीला धावले. काही शहर सोडून रानावनात गेले. काहींनी मुद्दाम लागण घेतली आणि गर्दीत जाऊन वाटली. आणि बरेच जण ‘काय चाललंय ते तरी बघू’ म्हणून लागण असलेल्या शहरात शिरले. कंपनीने विलगीकरण करून पाहिलं, कुणी जुमानलं नाही. शेवटी गेममध्येच बदल करून साथ संपवावी लागली.

एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या साथरोगांच्या अभ्यासकांनी २००७मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला. साथीची गणितं मांडताना माणसं कशी वागतील याचा अंदाजच धरावा लागतो. खऱ्या गावात रोग सोडून बघता येत नाही. इथे रोग खोटा होता, वागणारी माणसं खरी होती. बघ्यांचा हिशेब तोवरच्या गणितांत धड नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत पोलिसांची काठी पाठीवर घेऊनही नाक्यापर्यंत चक्कर मारून येणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा हा मुद्दा मराठी वाचकाला वेगळा समजावायला नको. आक्षेपही आहे आणि तो रास्त आहे: गेममध्ये मेलेला माणूस मिनिटाभरात उठून बसतो, मग त्याच्या धाडसावरून खऱ्या माणसाबद्दल किती बोलावं? वाद चालू आहे. संशोधन असंच चालतं.

हे झाले साथरोगवाले. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ या गेममधल्या वस्तू बाहेर खऱ्या डॉलरमध्ये काय भावाने विकल्या जातात हे बघून त्या काल्पनिक जगाचं दरडोई उत्पन्न काढलं. ते रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी बसत होतं. २०१४मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या कचऱ्याच्या डेपोत अटारी या गेम कंपनीने १९८३ साली पुरलेली गेमची कार्ट्रिज उकरून काढली गेली, तेव्हा खड्ड्याच्या काठावर पुरातत्त्वज्ञ हजर होते. यातल्या कुणाचंही काम सोफ्यावर लोळून होण्यासारखं नाही.

‘समाजाला दमडीचा फायदा नाही’

माकडांना एड्ससारखा आजार देणारा एक विषाणू आहे. त्याच्या एका विकराची (एन्झाइमची) रचना दहा वर्षांहून जास्त काळ शास्त्रज्ञांना उलगडत नव्हती. वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८मध्ये ‘फोल्डइट’ नावाचा गेम काढला होता, ज्यात प्रथिनाची साखळी पडद्यावर वाकवून, मुडपून नीट बसवायची आणि गुण मिळवायचे. हे कोडं त्या खेळाडूंपुढे टाकलं. तीन आठवड्यांत उपयोगी पडेल असं प्रारूप हाती आलं. २०११मध्ये शोधनिबंध छापला, त्यात खेळाडूंच्या गटांचीही लेखक म्हणून नोंद आहे.

दुसरं उदाहरण सगळ्यांना ऐकून माहीत आहे, फक्त त्याची सुरुवात माहीत नसते. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या संगणकाने २०१५मध्ये अटारीचे ४९ जुने गेम निव्वळ पडदा आणि गुणसंख्या बघून शिकून दाखवले, आणि २०१६मध्ये गो या पटावरच्या खेळात अव्वल खेळाडू ली सेडॉल यांना ४–१ने हरवलं. या कंपनीचे डेमिस हसाबिस किशोरवयात गेम बनवायच्या नोकरीत होते. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांत ते आहेत, प्रथिनांच्या रचनेच्या कामासाठी. गेमवरून नोबेलपर्यंत सरळ रेघ ओढायचा मोह मी टाळतो. पण ‘दमडीचा नाही’ हे कसं म्हणणार?

उलट बाजूची फेकाफेकही होते, तीही सांगितली पाहिजे. गेम खेळणारे सर्जन दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कमी चुका करतात असं एक वाक्य गेमप्रेमी अभिमानाने चिकटवत असतात. तो २००७चा अभ्यास जेमतेम ३३ डॉक्टरांवर होता.

‘गेममुळे मुलं हिंसक होतात, हे सिद्ध झालंय’

प्रयोगशाळेत आक्रमकता कशी मोजतात, ते आधी बघा. विद्यार्थ्याला थोडा वेळ गेम खेळवतात. मग सांगतात, शेजारच्या खोलीतल्या प्रतिस्पर्ध्याशी तुझी बटण दाबायची शर्यत आहे. जिंकलास तर त्याच्या हेडफोनमध्ये कर्कश आवाज सोड. किती मोठा, किती वेळ, तू ठरव. शेजारच्या खोलीत बहुधा कुणीच नसतं. विद्यार्थ्याने निवडलेला आवाज म्हणजे त्याची आक्रमकता. आता पहिल्या फेरीतला आवाज धरायचा, की सगळ्यांची सरासरी, की आवाज गुणिले वेळ? जर्मन मानसशास्त्रज्ञ माल्टे एल्सन यांनी छापील निबंध चाळले, तर या एकाच चाचणीचे आकडे काढायच्या दीडशेहून अधिक रीती निघाल्या. हवा तो निकाल लागेपर्यंत रीत बदलायला किती वाव आहे, ते कळतं. आणखी एका प्रकारात दुसऱ्याला किती तिखट सॉस खायला घालता यावर आक्रमकता ठरते. तो प्रयोग कोल्हापुरात केला तर अख्खा वर्ग गुन्हेगार ठरायचा.

ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टाइन यांनी २०१९मध्ये वेगळा रस्ता धरला. १४-१५ वर्षांची हजारभर ब्रिटिश मुलं घेतली. मुलाच्या वागण्याबद्दल पालकांना विचारलं. गेम हिंसक आहे की नाही हे मुलाच्या मतावर न सोडता अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं. मुख्य म्हणजे आकड्यांचं काय करणार हे आधीच जाहीर करून ठेवलं, म्हणजे नंतर रीत बदलायची सोय नाही. हिंसक गेम आणि आक्रमक वागणं यांचा संबंध दिसला नाही.

याचा अर्थ काहीच होत नाही असाही घेऊ नका. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२०मध्ये खुलासा केला तो असा: ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी थोडासा संबंध दिसतो, पण मारहाण-खून अशा हिंसेचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. म्हणजे ‘सिद्ध झालंय’ हे तर नाहीच.

व्यसनाचा प्रश्न निराळा आहे आणि फॉरवर्डमध्ये तो यातच कालवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये गेमिंगशी संबंधित विकाराला आजारांच्या यादीत घेतलं, यादी २०२२पासून लागू झाली. सर्वसाधारणपणे वर्षभर ताबा सुटलेला असणं आणि त्याने आयुष्याची घडी विस्कटणं ही त्याची खूण. परीक्षेच्या आदल्या रात्री खेळत बसणारा कार्टा त्यात बसत नाही. हा विकार यादीत घालायला आक्षेप घेणाऱ्या अभ्यासकांच्या २०१७च्या निबंधावर पहिलं नाव होतं ‘गेम स्टडीज’च्या त्याच ऑर्सेत यांचं.

‘हे सगळे कंपन्यांचे मिंधे’

या मुद्द्यात तथ्य आहे, पण सांगणाऱ्याला वाटतं तिथे नाही. कोण किती वेळ खेळलं याचा खरा हिशेब कंपन्यांच्या सर्व्हरवर असतो, आणि तो बहुतेक वेळा त्यांच्या मर्जीनेच मिळतो. ही गोची आहेच. पण मिंधेपणाच म्हणाल तर लूट बॉक्सचं प्रकरण बघा. पैसे भरून बंद पेटी घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८मध्ये सात हजारांवर खेळाडूंची पाहणी करून दाखवलं की जुगाराची समस्या जितकी गंभीर, तितका या पेट्यांवरचा खर्च जास्त. यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे त्यातून ठरत नाही. तरी कंपन्यांना गोड वाटेल असं त्यात काही नव्हतं. बेल्जियमने त्याच वर्षी अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. पुढे कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्या लिओन शाओ या तरुण संशोधकाने बेल्जियममधले सर्वाधिक कमाईचे १०० आयफोन गेम तपासले, तर ८२मध्ये पेट्या जशाच्या तशा. कंपन्याही उघड्या पडल्या आणि सरकारही.

‘भारताला याची गरज नाही’

२०१९मध्ये राजकोटमध्ये पोलिसांनी पबजीवर बंदी घातली आणि खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. २०२०मध्ये केंद्राने तोच गेम बंद केला, तो मुलांसाठी नव्हे, सुरक्षेच्या आणि डेटाच्या कारणावरून. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देणारा कायदा केला. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा ‘राजी’ हा गेम २०२०मध्ये जगभर विकला गेला. कोलकात्याचे अभ्यासक सौविक मुखर्जी भारतातल्या गेमवर कितीतरी वर्षं लिहिताहेत. म्हणजे गेम इथे बनतात, खेळले जातात, त्यांवरून पोलिसांची गाडी दारात येते आणि कायदे होतात. अभ्यास तेवढा नको!

पैशांच्या गेमवरची बंदी मला पटते. त्यात घरं बुडालेली आहेत. पण शाओने केली तशी मोजणी इथे झाल्याशिवाय बंदीचं काय झालं ते कळणार नाही. किती ॲप खरोखर बंद पडली, किती नाव बदलून आली, किती टेलिग्रामच्या लिंकवर सरकली. त्यासाठी महिनोन् महिने गेम उतरवून घेणारी, नोंदी ठेवणारी, मराठी-हिंदी-तेलुगू जाहिरातींतली मेख वाचता येणारी माणसं लागतील. ती कोपनहेगनहून येणार नाहीत.