नव्वद वॉटचा जावई

पाचगणीहून निघायला उशीर झाला तो स्ट्रॉबेरीमुळे. सासूबाईंनी पाच दुकानांत भाव केला आणि पहिल्याच दुकानात परत येऊन दोन किलो घेतली. जानेवारीतला दिवस, बघता बघता अंधारून आलं. पसरणी घाट लागला तसा मी लाइटचा खटका फिरवला. पार्किंगचे दिवे लागले, मीटर उजळला, रस्ता मात्र होता तसाच काळा.

"अहो, लाइट लावा की."

"लावलेत."

"मग?"

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण या 'मग'चं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

कणसं भाजणाऱ्या एका मावशींच्या शेजारी गाडी घेतली आणि बॉनेट उघडलं. बॉनेट उघडल्यावर काय करायचं, हे मी वडिलांकडून शिकलोय: कमरेवर हात ठेवून आत बघत राहायचं. ते झालं. मग हेडलाइटला दोन चापट्या मारून पाहिल्या. आमच्या जुन्या टीव्हीला हे औषध लागू पडायचं.

राहिला फ्यूज. फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा याचा नकाशा असतो आणि तो मुंगीला वाचता येईल एवढ्या अक्षरात छापलेला असतो. बायकोने मोबाइलचा टॉर्च धरला, बराचसा माझ्या डोळ्यांत. चिमट्याने दहा अँपिअरचा लाल फ्यूज उपसला. आतली तार शाबूत. शेजारचाही शाबूत. परत बसवताना कुठला कुठे गेला देव जाणे, हॉर्न बंद पडला. पुन्हा उपसाउपशी केली तेव्हा हॉर्न आला आणि रेडिओ गेला. त्यावर मी समाधान मानलं.

"उंदरानं वायर खाल्ली आसंल," मावशी कणीस फिरवत म्हणाल्या.

"गाडी घेतानाच म्हटलं होतं, काळी घेऊ नका," सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या.

तेवढ्यात एक टेम्पोवाला थांबला. खिडकीतून हात घालून त्याने स्टिअरिंगजवळची दांडी ढकलली आणि समोरचा अख्खा कडा उजळून निघाला. "पाव्हणं, डिपर गेलाय नुसता. अपर हाय की. जावा तसंच."

तसंच गेलो. डिपर म्हणजे जवळचा रस्ता दाखवणारा खालचा झोत, अपर म्हणजे लांबवर, थेट समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा. मीटरवर अपरची निळी खूण आणि समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी माझा उद्धार. एका जीपवाल्याने तर गाडी थांबवून काच खाली केली आणि माझ्या कुळाविषयी दोन वाक्यं बोलला.

"काय म्हणत होता?" सासूबाईंनी विचारलं.

"रस्ता विचारत होता."

वाईत एक इलेक्ट्रिशियन शटर ओढण्याच्या बेतात सापडला. सासूबाई म्हणाल्या, थांबलोच आहोत तर ढोल्या गणपतीला जाऊन येते. लेकीला मात्र माझ्या सोबतीला ठेवून गेल्या. इलेक्ट्रिशियन पोरगा विशीतला असेल. त्याची हत्यारं म्हणजे एक स्क्रू ड्रायव्हर आणि दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब. एक वायर त्याने बॅटरीच्या मायनसला चिमटली, दुसरीचं टोक फ्यूजला लावलं. बल्ब पेटला. "हितवर करंट येतोय," असं म्हणून त्याने डाव्या हेडलाइटमागचं रबर काढलं आणि बल्बचा कपलर ओढला. तीन पिना बसतात ते पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने करपलेल्या भाकरीसारखं झालं होतं. उजव्या बाजूचा कपलर त्याहून वाईट.

"ह्यो उजवा तर लई आधीच गेलाय. कुणी सांगितलं न्हाई?"

सांगत होते की. गेले दोन महिने रोज रात्री समोरचे लोक लाइट मारत होते. मला वाटायचं सोसायटीतले कुणीतरी असतील. मी हात करायचो.

पोराने बल्ब टॉर्चखाली धरून त्यावरचे आकडे वाचले. "शंभर-नव्वदचं बल्ब! ह्ये कुणी बसवलं?"

मी बूट न्याहाळू लागलो.

"यांनीच. दिवाळीत. उजेड कमी पडतो म्हणे," बायको म्हणाली.

कंपनीचा बल्ब असतो साठ-पंचावन्नचा, म्हणजे अपरला साठ वॉट, डिपरला पंचावन्न. बारा व्होल्टच्या गाडीत डिपरला साडेचार-पाच अँपिअर पुरतात. माझा नव्वदचा डिपर साडेसात ओढत होता. फ्यूज दहाचा, त्याला काही फरक पडला नाही. भाजून निघाला तो कपलर. त्यातही डिपरचीच पीन, कारण रोज तोच चालू. हे सगळं पोराने मला इतक्या हळू आवाजात समजावलं की बायकोला शब्दन् शब्द ऐकू गेला.

दोन नवे कपलर, दोन साधे बल्ब. काचेला बोट लागू न देता त्याने बल्ब कागदातच धरून बसवले. बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा तापते आणि बल्ब लवकर जातो, म्हणाला. दिवाळीत मी आधी रुमालाने आणि मग अंगठ्याने चांगले चोळून पुसले होते, हे मी बोललो नाही.

डिपर लागला, अपर लागला. सासूबाई प्रसाद घेऊन आल्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "उजेड कमी पडतो तर चष्म्याचा नंबर बघायचा ना आधी."

निघालो. लख्ख रस्ता दिसत होता, गाडी कशी छान चालली होती. सुरूरपर्यंत समोरून येणारे मात्र अजून लाइट मारत होते. लोकांना आता काही संयमच उरलेला नाही, असं मी म्हणणार तेवढ्यात मागून आवाज आला,

"जावईबापू, ते निळं काय चमकतंय हो मघापासून?"