रिटॉर्ट नाही, नुसता स्टँड

इंग्रजीत रिटॉर्ट म्हणून एक क्रियापद आहे, म्हणजे कुणी टोमणा मारला की तो तिथल्या तिथे उलटवायचा. आता 'तिथल्या तिथे' हीच मेन अट आणि माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. परवा मंडईत विचारलं, "मावशी, मेथी ताजी आहे ना?" तर म्हणे, "नाही ओ दादा, तुमच्यासाठी मुद्दाम शिळी करून ठेवलीय." शेजारच्या दोन काकू फिसकन हसल्या. मी काय केलं? दोन जुड्या घेतल्या, वर सुट्टे पण दिले. उत्तर सुचलं रात्री साडेअकराला, असलं कडक की अंथरुणात उठूनच बसलो, पण आता काय मंडईत जाऊन गेट वाजवू? बायकोला ऐकवलं तर ती डोळे न उघडता, "मला कशाला, मी कुठे मेथी विकते?" बघा, हिला झोपेत सुचतं!

फ्रेंच लोकांनी या आजाराला नावच दिलंय, जिन्यातली अक्कल. 18व्या शतकातला लेखक दिदेरो लिहून गेलाय की नेकर नावाच्या बड्या असामीच्या घरी जेवताना कुणीतरी काहीतरी बोललं आणि याची बोलती बंद, डोकं चालू झालं ते जिना उतरून खाली आल्यावर. सुखी माणूस, त्याचं जिन्यात तरी भागायचं.

शेक्सपिअरच्या 'अ‍ॅज यू लाइक इट'मधला विदूषक टचस्टोन तर भांडणाच्या सात पायऱ्या सांगतो, तेही कुणाची दाढी नीट कापलेली नाही यावरून. पहिली पायरी सभ्य रिटॉर्ट, सातवी थेट 'खोटारडा' म्हणणं. आमच्या सोसायटीत पार्किंगचा विषय निघाला की सातवीपासूनच श्रीगणेशा होतो, आणि मी आपला तोंडात बिस्किट धरून मिनिट्सच्या वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करतो.

केमिस्ट्रीतला रिटॉर्ट पण याच लॅटिन कुळातला, मूळ अर्थ उलट पिळणे, म्हणून त्या काचेच्या भांड्याची मान वाकडी. कॉलेजात रिटॉर्ट स्टँडला ब्युरेट अडकवून टायट्रेशन केली, पण खुद्द रिटॉर्ट मात्र लॅबमध्ये कधी दिसला नाही. माझंही तसंच, स्टँड आहे, रिटॉर्ट गायब. हे मी लेकीला रंगवून सांगितलं तर ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "म्हणजे नुसतं उभं राहायचं ना बाबा? जमतं की तुम्हाला."