बॅटरी काढून जुना बायोस परत येत नाही, आणि तो स्क्रूड्रायव्हर आधी खाली ठेवा

"मामा, बोर्ड गेला बहुतेक." रात्री पावणेबाराला भाच्याचा फोन. बायोस (कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम) अपडेट करताना स्क्रीन काळी झाली, घाबरला, आणि सगळ्या ग्रुपवर फिरतोय तो "बायोस अपडेट फेल झालं तर ५ उपाय" वाला मेसेज उघडून एकेक करत बसला. दोन करून झाले होते, तिसऱ्यासाठी स्क्रूड्रायव्हर हातात होता. तिथेच थांब म्हटलं.

ज्यांना मेसेज आला नसेल त्यांच्यासाठी: स्क्रीन दोन मिनिटं काळी राहिली की मेन स्विच बंद करा. बोर्डवरची गोल सीएमओएस बॅटरी २४ तास काढून ठेवा, जुना बायोस आपोआप परत येतो. नाही आला तर बायोस चिपचे पाय स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा. तरी चालू झाला नाही तर बोर्ड मेला, नवीन घ्या. आणि यापुढे बायोस कधीच अपडेट करू नका.

पहिल्या उपायाचाच मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण चांगला चाललेला अपडेट बिघडवायचा हा हमखास रस्ता आहे. बायोस लिहिताना चिपमधला जुना मजकूर आधी पुसला जातो, मग नवीन लिहिला जातो, मग तो नीट उतरलाय का ते तपासलं जातं. मधेच वीज तोडली की जुनाही नाही आणि नवाही नाही. आणि काळी स्क्रीन म्हणजे फेल असं कोणी सांगितलं? अपडेटनंतर बोर्ड स्वतःहून दोन-तीनदा रीस्टार्ट होऊ शकतो, शिवाय रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे रॅमशी नीट जुळवून घेणं, पहिल्यापासून करतो. डीडीआर५ प्रकारची नवी रॅम असेल आणि ती जास्त असेल तर यात कित्येक मिनिटं जातात, तोवर स्क्रीनवर काहीही दिसत नाही, फॅन मात्र फिरत असतात. बोर्डवर छोटे डीबग एलईडी, म्हणजे गाडं कुठे अडलंय ते दाखवणारे दिवे, असतील तर ते बघा. डीरॅमचा (म्हणजे रॅमचा) दिवा लागलाय म्हणजे बहुतेक वेळा तो रॅमशीच झगडतोय. मी तर अर्धा तास हात लावत नाही. भाच्याचा बोर्ड त्या क्षणी लिहीत होता की ट्रेनिंग करत होता हे आता कळायला मार्ग नाही, पण स्विच बंद केल्यावर तो खरोखर उठेना.

मग बॅटरी. ती सीआर२०३२ची गोल बॅटरी, ३ व्होल्टची, घड्याळ आणि सेटिंग जपायला असते. बायोस स्वतः फ्लॅश चिपमध्ये असतो आणि फ्लॅशला मजकूर टिकवायला वीज लागतच नाही, त्यामुळे बॅटरी २४ तास काढा नाहीतर महिनाभर, चिपमध्ये जे लिहिलंय ते तसंच राहणार. यात अर्धं सत्य आहे ते मान्य करतो: अपडेट नीट झालाय पण जुनी ओव्हरक्लॉकची (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त पळवायची) किंवा एक्सएमपीची (रॅम जास्त वेगाने चालवायची) सेटिंग नव्या बायोसला मानवत नाहीये, अशा वेळी सीएमओएस क्लिअर केल्याने, म्हणजे ती सेटिंग पुसल्याने, मशीन उठतं. पण त्यालाही २४ तास लागत नाहीत, पॉवर केबल काढून बॅटरी पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवली की पुरे. आणि त्यानेही बायोस नवाच राहतो, फक्त सेटिंग मूळची होतात.

स्क्रूड्रायव्हरचं काय बोलायचं. काही जुन्या किंवा दोन बायोस चिप असलेल्या बोर्डांवर जाणकार लोक ठराविक दोनच पाय शॉर्ट करून बॅकअपवर जायचे, तिथून हे आलं असावं. मेसेजमध्ये कुठले पाय, कुठला बोर्ड, काही नाही. नेहमीच्या आठ पायांच्या चिपमध्ये दोन पायांत सव्वा मिलिमीटर अंतर असतं, त्यातल्या एका पायावर वीज असते आणि डेटाचे पाय थेट चिपसेटकडे नाहीतर प्रोसेसरकडे जातात. टोक घसरलं तर बायोसचा प्रॉब्लेम राहील बाजूला, महागडा पार्ट जाईल.

आता "बोर्ड मेला". बऱ्याच नव्या बोर्डांवर मागच्या बाजूला एक बटण असतं ते नेमकं यासाठीच, पेनड्राइव्हवरून बायोस परत लिहायला. असूस आणि एएसरॉक त्याला बायोस फ्लॅशबॅक म्हणतात, एमएसआय फ्लॅश बायोस बटण, गिगाबाइट क्यू-फ्लॅश प्लस. प्रोसेसर, रॅम काहीही न लावता, फक्त पॉवर सप्लायच्या स्टँडबाय विजेवर हे चालतं. असूसच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलंय की हे चालू असताना पेनड्राइव्ह काढू नका, सिस्टिम चालू करू नका, क्लिअर सीएमओएस बटण दाबू नका, आणि व्यत्यय आलाच तर तीच प्रक्रिया परत करा. परत करा! बोर्ड फेका असं बनवणारी कंपनी म्हणत नाहीये, मेसेजवाला म्हणतोय. त्याच मॅन्युअलप्रमाणे त्या बटणाचा दिवा पाच सेकंद लुकलुकून स्थिर राहिला तर पेनड्राइव्ह नीट बसलेला नाही किंवा फाइलचं नाव वा फॉरमॅट चुकलाय. भाच्याचं अगदी हेच झालं. झिप न उघडताच फाइल टाकली होती. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये केला, फाइल उघडून मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव दिलं, खूण असलेल्या पोर्टमध्येच लावला, आणि दिवा विझेपर्यंत दोघंही फोनवर गप्प बसलो. बोर्ड चालू आहे.

बटण नसेल तर रिपेअरवाला प्रोग्रामर नावाच्या यंत्राने चिप लिहून देतो. त्याला आधी जुना मजकूर वाचून ठेवायला सांगा, काही बोर्डांचा लॅनचा मॅक अॅड्रेस (नेटवर्कवरचा ओळख क्रमांक) त्यातच असतो. काही चिप १.८ व्होल्टच्या असतात, त्याही बघून घ्यायला सांगा.

राहिलं शेवटचं. उगाच अपडेट करू नका, हे मलाही पटतं. पण "कधीच नाही"? इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे खराब होत होते, त्यावर २०२४ मध्ये आलेला मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोस अपडेटमधूनच मिळाला. खराब झालेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, चांगला आहे तो वाचतो. असा प्रोसेसर घरात असलेल्या माणसाला हा मेसेज अपडेट करू नको म्हणतोय. तुमच्याकडे तो असेल तर आजच बायोसचं व्हर्जन बघा, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर अपडेटच्या आधी त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.