बिनावासाचा माणूस

तुडतुड्याचं औषध, बोंडअळीचं औषध, तणनाशक, बुरशीनाशक. सकाळी नवापासून रात्री आठापर्यंत मी या डब्यांच्या मध्ये बसतो. माझं कृषी केंद्र आहे, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात. दुकानात पाऊल टाकलं की पाहुणे नाकाला रुमाल लावतात. मला सतरा वर्षांत साधी शिंक आली नाही. पण घरी जावं, अंघोळ करावी, धुतलेली बनियन अंगात घालावी, की पाचव्या मिनिटाला मी मानेपासून कमरेपर्यंत पेटतो.

गावात हे फुटलं तेव्हा आठवडाभर पारावर दुसरा विषय नव्हता. "दिवसभर जहेराच्या डब्यात बसते, अन् याले निरम्यानं खाज सुटते!"

निरम्याचा इथे काही दोष नाही, हे आधी सांगतो. 1969 साली अहमदाबादेत निघालेल्या त्या पिवळ्या पावडरीचं नाव आमच्याकडे इतकं रुजलं, की धुण्याची पावडर कोणत्याही कंपनीची असो, तिला निरमाच म्हणतात. मला बाधलेलं पाकीट भलत्याच कंपनीचं होतं. बाजाराच्या दिवशी ते बायकोनं आणलं, कारण त्यावर बादली फुकट होती. पावडरीचा वास म्हणजे चमेली, लिंबू आणि दवाखान्याची फरशी यांचं एकत्र कुटुंब. पावडर कधीच संपली. बादली अजून आहे, आणि बादलीचा वासही अजून आहे.

पहिलं निदान मायनं केलं. दृष्ट. मीठ-मिरच्या माझ्यावरून सात वेळा उतरवून चुलीत टाकल्या. नियम असा की ठसका लागला नाही तर दृष्ट, लागला तर दृष्ट नाही. त्या दिवशी शेजारच्या वाड्यातली म्हातारीसुद्धा खोकत बाहेर आली. दृष्ट नाही, हे शास्त्रशुद्ध सिद्ध झालं. दुसरं निदान न्हाव्याचं. त्यानं वस्तरा थांबवून मानेकडे पाहिलं आणि सांगितलं, "गजकर्ण हाये भाऊ, मेडिकलमधून ट्यूब घेऊन टाका." ट्यूब लावली. चार दिवस अंग असं गार झालं की मी न्हाव्याला चहा पाजला. पाचव्या दिवशी जे उठलं ते पहिल्याच्या दुप्पट. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, हे मला नंतर कळलं. कीटकनाशकाच्या डब्यावरचं बारीक अक्षर भिंगानं वाचणारा मी, अंगाला लावायची ट्यूब मात्र न वाचताच लावत होतो.

मग अकोल्याचे त्वचेचे डॉक्टर. त्यांनी विचारलं, "व्यवसाय?" मी म्हटलं, "कृषी केंद्र." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की चोर स्वतः चालत ठाण्यात आलाय. "दहा दिवस दुकानात जायचं नाही."

पेरणीच्या तोंडावर दहा दिवस दुकान भाच्याच्या हाती सोपवून मी घरी बसलो. घरी बसलेल्या माणसाला बायको स्वच्छ ठेवते. सकाळी धुतलेली लुंगी, दुपारी धुतलेली बनियन, रात्री धुतलेली चादर. दहाव्या दिवशी मी अकोल्याला गेलो तो एसटीत पाठ न टेकता.

डॉक्टरांनी आता नीट पाहिलं. लाली होती ती काखेच्या कडेनं, कमरपट्ट्याच्या रेघेवर आणि कॉलरच्या जागी. हात स्वच्छ, तोंड स्वच्छ. डब्यांना लागतात ते हात, आणि हातांना तर काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "कपडे कशात धुता?" सतरा वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि मलाही उत्तर येत नव्हतं. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "बादलीवाल्यात."

पॅच टेस्ट ठरली. पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांत एकेक रसायन भरून चिकटवतात, 48 तास ठेवतात, मग काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही आणि घाम येऊ द्यायचा नाही. हे त्यांनी अकोल्यात बसून सांगितलं. स्वतःच पुढे हसले आणि म्हणाले, "दिवाळीनंतर या."

दिवाळीनंतर पाठीवर दोन चकत्या लाल निघाल्या. एक सुगंधाच्या मिश्रणाची. दुसरीचं नाव डॉक्टर तोडून तोडून सांगायला लागले: "मिथाइल... आयसो... थाया..." मी म्हटलं, "मिथाइलआयसोथायाझोलिनोन काय?" ते चाट पडले. रोज इमामेक्टिन बेंझोएट आणि क्लोरँट्रानिलीप्रोल म्हणणाऱ्या जिभेला हे नाव म्हणजे बाळबोध. ते पाण्यात टिकणारं जंतुनाशक. पातळ साबण, शाम्पू, असल्या ओल्या मालाला किडू देत नाही. कोरड्या पावडरीला त्याची गरज सहसा पडत नाही. म्हणजे पातळ साबण बंद झाला तो त्या नावामुळे, आणि पावडर बंद झाली वासामुळे.

वासानं डोकंही धरतं, ते वेगळं. डॉक्टर म्हणाले की कातडीची तपासणी करता येते, पण डोक्याला अशी चकती चिकटवता येत नाही. "ज्या वासानं दुखतं त्यापासून लांब राहा." सोपं आहे. फक्त लग्न, बारसं, एसटी, देऊळ आणि सासुरवाडी सोडायची.

आता शोध सुरू. पहिल्यांदा गावातलं किराणा दुकान.

"शेठ, बिनावासाची पावडर आहे का?"

शेठनं मला नीट पाहिलं. "बिनावासाची? मंग कपडे धुतले हे समजंन कसं?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. त्यानं सगळी पाकिटं खाली काढली. मी चष्मा लावून पोत्यावर बसलो. एकावर लिहिलं होतं हजार फुलांचा ताजेपणा, दुसऱ्यावर पहाटेचं दव, तिसऱ्यावर पावसाची सर. मी मागची बाजू बघितली, पुढची बघितली, शिवणीखाली बघितलं. किंमत होती, वजन होतं, मशीनमध्ये किती चमचे ते होतं. आत काय आहे, ते बहुतेकांवर नीट नव्हतंच. एका पाकिटावर बारीक अक्षरात होतं, "सुगंध". कित्येक रसायनांचं एक आडनाव.

माझ्या दुकानात ये म्हणावं. कोणताही डबा उचला. आत काय, किती टक्के, ते छापलेलं. खाली चौकटीत रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत कमी. पोटात गेलं तर काय करायचं, उतारा काय, डॉक्टरांना काय सांगायचं, हे सगळं सोबतच्या पत्रकात, अनेक भाषांत. कायदाच तसा आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं माणसं गेली, तेव्हापासून तर मी प्रत्येकाला ते पत्रक वाचून दाखवतो, आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळे धुवा, असं बजावतो. विष स्वतःचं नाव सांगतं. पहाटेचं दव सांगत नाही.

बायकोनं लहान बाळांच्या कपड्यांचा साबण आणला. बाळांसाठी म्हणजे सौम्यच असणार. झाकण उघडलं आणि खोलीत एकदम दहा-पंधरा बाळं पावडर लावून बसल्यासारखा वास. पुतण्यानं मोबाईलवरून एक डबा मागवला. त्यावर इंग्रजीत 'अनसेंटेड' लिहिलं होतं, किंमत अशी की त्यात मी फवारणीचा पंप घेतला असता. दोन दिवसांनी मान लाल. मग कळलं की अनसेंटेड म्हणजे वास येत नाही, एवढंच. साबणाचा मूळ वास दाबायला आत दुसरा सुगंध घातलेला असू शकतो. पाहिजे असतं ते 'फ्रॅग्रन्स-फ्री', म्हणजे सुगंध घातलेलाच नाही. चोरी केली नाही आणि चोरी दिसली नाही, यात फरक आहे हे त्या डब्यानं शिकवलं.

माय म्हणे, "आमच्या वक्ती रिठे होते." शिकेकाई-रिठ्यांचं पोतं माळ्यावरून उतरलं. रिठे रात्री भिजवले, सकाळी कुस्करले. फेस तर असा आला की माय दोन दिवस माझ्याकडे जिंकल्यासारखी बघत होती. अंगाला खाज नाही. पण फेसाचा एक शिंतोडा बायकोच्या डोळ्यात गेला, आणि माझे पांढरे शर्ट तीन धुण्यांत गव्हाळ झाले. लग्नात एकानं विचारलं, "भाऊ, कापूस कोणता म्हनाचा हा?"

साधी कपड्याची वडी, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. पण तुम्ही खारपाणपट्ट्यात राहत नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातला साधारण 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा. विहीर खोदा, बोअर मारा, वर येतं ते खारं पाणी. त्यानं चहा फाटतो आणि डाळ शिजत नाही. साध्या साबणाला पाण्यातले क्षार धरतात, फेस यायच्या आधीच पांढरी साय जमते आणि ती कापडात जाऊन बसते. त्या सायीनं माझी बनियन उभी राहायची, खुंटीची गरज नव्हती. धुण्याचा सोडा वापरून पाहिला. त्याला वास नाही, पाण्यालाही तो वाकवतो, पण नीट निघाला नाही तर कातडी सोलतो. म्हणजे तीनदा खंगाळायचं. नळाचं पाणी शहानूर धरणाचं, गोड, पण उन्हाळ्यात ते चौथ्या दिवशी. तिसऱ्या खंगाळण्याला बायको उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या बनियनले पानी देऊ का गाईले?" गाईला दिलं.

शेंडगाव आमच्या शेजारच्या अंजनगाव तालुक्यात. गाडगेबाबांचं गाव. परिटाच्या घरी जन्मलेल्या त्या माणसानं खराटा घेऊन महाराष्ट्र झाडून काढला. त्याच मुलखात स्वच्छ कपडा बाधणारा मी निपजलो. तिथून जाताना मी हात जोडतो आणि जरा ओशाळतोही.

सुटका झाली ती बचत गटात. आमच्या गावातल्या बायका धुण्याची पावडर बनवून बाजारात सुटी विकतात. मी अध्यक्ष काकूंकडे गेलो आणि विचारलं, यात काय काय घालता? मला वाटलं, पावसाची सर म्हणतील. काकूंनी पदर खोचला आणि बोटांवर मोजायला लागल्या. "सोडा. मंग ॲसिड स्लरी, थे काय, डांबरावानी राह्यते. सोड्यात कालवाची, हातमोजे घालून. गरम होते. मंग चाळाचं, रातभर पसरून ठेवाचं. सकायी मीठ, निळे दाने, अन् शेवटी सेंट."

मी तिथेच खाली बसलो. दोन वर्षांत इतक्या दुकानांत, इतक्या पाकिटांवर जे सापडलं नाही, ते या बाईनं शेण सारवलेल्या अंगणात एका दमात सांगितलं. फक्त मीठ किती, ते नाही. "थे आमचं शिक्रेट हाये."

"काकू, शेवटच्या दोन वस्तू न घालता मला द्याल का? रंग नको, सेंट नको."

काकूंचा चेहरा पडला. "बिना सेंटचा माल म्हंजे बिना फोडनीचं वरन. कोनी म्हनंन, गटाच्या बायांनी सेंटचे पैसे खाल्ले."

मी लिहून द्यायला तयार झालो. अर्धा किलो मिळाली. आधी एक रुमाल धुतला आणि तीन दिवस कोपराच्या लवणीत बांधून दुकानात बसलो. सगळे विचारत होते, रक्त दिलं काय. काही उठलं नाही. मग उशीचा अभ्रा, मग बनियन. पावडर नेहमीच्या निम्मी आणि दोनदा खंगाळणं, यावर बायकोशी तह झाला. माझ्यासाठी नवी बादली आली, पैसे देऊन. दोरीही वेगळी, कारण शेजारच्या चादरींवरून येणारा वारा.

आता काकू दर महिन्याला पाकीट पाठवतात. मुलीनं त्याला लेबल करून दिलं आहे: सोडा, स्लरी, मीठ (शिक्रेट). खाली स्केचपेननं हिरवा त्रिकोण. आणि फुकट आलेल्या त्या जुन्या बादलीवर तिनं माझ्या दुकानातलं लाल त्रिकोणाचं रिकामं खोकं कापून चिकटवलं आहे.

परवा एक शेतकरी फवाऱ्याचं औषध घ्यायला आला. मी नेहमीप्रमाणे पत्रक वाचून दाखवलं, हातमोजे दिले, फवारणीचे कपडे वेगळे धुवायला बजावलं. तो पैसे देता देता काउंटरवरून वाकला, नाक वर करून माझ्या शर्टाचा वास घेतला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, लोकायले सांगता, पन तुमचे कपडे कवा धुतले होते?"