‘पगारी खलाशांचं स्मारक कशाला?’ या मेसेजला माझं उत्तर

गेला आठवडाभर साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला चार ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय की महायुद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरचे खलाशी पगारी नोकर होते, ते लढले नाहीत, इंग्रजांचा माल वाहत होते, साताऱ्याचा समुद्राशी संबंध काय, आणि ज्यांचा देहच सापडला नाही त्यांचं नाव गावच्या दगडावर कशाला कोरायचं. आमच्या गावातल्या सैनिकांच्या स्मारकावर अशाच एका आगवाल्याचं, म्हणजे जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा घालणाऱ्या खलाशाचं, नाव घालावं असं आम्ही काही जणांनी सुचवलं, त्यावरून हे सगळं सुरू झालं. ते माझ्या आजीचे थोरले भाऊ, त्यामुळे मला गप्प बसवत नाही, एकेक मुद्दा घेतो.

पगार. अहो पगार तर फौजेतल्या जवानालाही असतो आणि असायलाच पाहिजे. खलाशाला किती होता ते बघा, गोऱ्या खलाशाच्या साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहून कमी. १९३९ ला युद्ध सुरू झाल्या झाल्या हिंदी खलाशांनी इंग्लंडच्या बंदरांत संप केले, पगारवाढ आणि युद्धाचा भत्ता मागितला, त्यापायी शेकडो जण तुरुंगात गेले. म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ते जहाजावर चढले.

‘लढले नाहीत’ हे वाचून तर मला फार लागलं. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून फावड्याने आत कोळसा टाकणारा माणूस. ही जागा जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली, वर यायला एक उभी लोखंडी शिडी, आणि टॉर्पेडो इंजिनाच्या बाजूला बसला की पहिलं पाणी शिरणार ते इथंच. हातात बंदूक नाही, फावडं. चार तासांची पाळी संपवून वर यायचं, झोपायचं, आणि पुन्हा त्याच शिडीने खाली उतरायचं. दुसऱ्या महायुद्धात असे सहा हजारांच्या वर हिंदी खलाशी गेले, हजारावर कैदेत पडले, जर्मनीत ब्रेमेनजवळच्या मिलाग नॉर्ड कॅम्पात हिंदी खलाशांसाठी वेगळा भागच होता.

इंग्रजांचा माल म्हणताय, तर ‘तिलावा’चं ऐका. नोव्हेंबर १९४२, जहाज मुंबईहून आफ्रिकेला निघालेलं, सातशेच्या वर प्रवासी, बहुतेक सगळे आपलीच माणसं. २३ तारखेला जपानी पाणबुडीने पहिला टॉर्पेडो मारला, लोक होड्यांत उतरले, जहाज तरंगतंय बघून काही जण परत चढले आणि मग दुसरा बसला. २८० माणसं गेली, त्यात खलाशी होतेच. यांना इंग्रजांचा माल म्हणायचं का? आणि इंग्रजांची चाकरी हाच निकष लावायचा असेल तर अपशिंगे मिलिटरीचं काय करणार? पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण इंग्रजांच्याच फौजेतून गेले, सगळा जिल्हा त्या गावापुढं मान झुकवतो आणि ते योग्यच आहे.

समुद्राशी संबंधाचं थोडक्यात सांगतो. शेजारच्या सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते वालचंद हिराचंद सिंधिया जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी, तिचं ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं म्हणून आपण त्या तारखेला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. आपल्या डोंगरातली माणसं मुंबईला गिरणीत गेली तशी गोदीत गेली, काही तिथून जहाजावर गेली.

आता देह सापडला नाही हा मुद्दा. आमच्या घरी बातमी अशी आली की मनीऑर्डर यायची थांबली. पुष्कळ महिन्यांनी कंपनीचं इंग्रजी पत्र आलं, ते वाचून घ्यायला शाळेच्या मास्तरांकडं नेलं. आजी सांगायची, वहिनीने पुढं कित्येक वर्षं कुंकू पुसलं नाही, एसटीचा आवाज आला की पदर सावरून दारात यायची. शेवटी घरच्यांनी संगम माहुलीला दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. देह नसला तर काय करायचं हे आपल्याकडं शेकडो वर्षांपूर्वीच ठरलेलं आहे की! आमच्या मारुतीच्या देवळापाशी वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, त्यातल्या किती जणांचा देह गावात परत आला होता? बोरिवलीला एक्सरचे वीरगळ बघून या, त्यांवर चक्क जहाजांची लढाई कोरलीय.

लंडनला टॉवर हिलवर समुद्रात हरवलेल्या हजारो व्यापारी खलाशांची नावं आहेत, आपल्या खलाशांची तिथं नाहीत. ती मुंबईत आणि चितगावला ठेवलेल्या नोंदवह्यांत आहेत. मुंबईतली जागा म्हणजे मस्जिद बंदरचं खलाशांचं होम, तिथंच पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचंही स्मारक आहे. मेसेज पुढं ढकलणाऱ्यांनी एकदा लोकलने जाऊन यावं.

आपल्या स्मारकाच्या दगडावर डाव्या बाजूला, शेवटच्या नावाखाली, दोन ओळी बसतील एवढी जागा आहे, मी पट्टी लावून मोजून आलोय. कोरणावळ आमचं घर देईल. बाकीच्यांच्या नावापुढं शिपाई, नाईक, हवालदार आहे तसं यांच्या नावापुढं ‘आगवाला’ लिहा.