‘नो कॉस्ट’ हप्ता खरंच फुकट असतो का?

ऑनलाइन खरेदीत ‘नो कॉस्ट ईएमआयने’, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांनी, ‘पैसे वाचतात’ असं म्हणतात, ते पुरतं खरं नाही. व्याजाइतकी सूट आधी मिळते, पण बँक व्याज लावतेच आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच कार्डावर पडतो. वर प्रोसेसिंग फी वेगळी, आणि वस्तू परत केली तरी ती सहसा परत येत नाही.

महागडी वस्तू मागवताना ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी (दारातच डबा उघडून वस्तू दाखवतात ती) असेल तर तीच घ्या. डबा उघडून, वस्तू चारी बाजूंनी बघितल्याशिवाय डिलिव्हरीवाल्याला ओटीपी अजिबात सांगायचा नाही. तो दिला की माल नीट मिळाल्याची नोंद होते आणि तडा गेलेला स्क्रीन तुमच्या गळ्यात. बाकीची पार्सलं उघडताना सलग व्हिडिओ काढा: आधी पत्त्याचं लेबल, मग न फाडलेली चिकटपट्टी. मध्ये कट आला की पुरावा लंगडा पडतो.

तक्रार असेल तर कंपनीच्या चॅटवर ‘लवकरच कळवू’ ऐकत बसू नका. २०२० च्या ई-कॉमर्स (ऑनलाइन विक्रीच्या) नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तरी दाद लागली नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. आणि कस्टमर केअरचा नंबर कृपा करून सर्चमधून उचलू नका, ॲपमधूनच घ्या. खोटे नंबर तिथेच पेरलेले असतात.