40 मीटरच्या आत राहिलं की विमा मिळतोच? नाही हो

पावसाळा संपत आला, मालवण-अंदमानची बुकिंग सुरू झाली की नाशिकच्या डायव्हिंग ग्रुप्समधे एक मेसेज हमखास फिरतो. "40 मीटरच्या आत सगळं रिक्रिएशनल, विमा मिळणारच. नायट्रॉक्स घेतला की टेक्निकल. हेल्थ पॉलिसीत स्कूबा चालतच नाही. धरणातल्या डाइव्हला तर काही प्रश्नच नाही." रिक्रिएशनल म्हणजे साधं हौशी डायव्हिंग, टेक्निकल म्हणजे त्या मर्यादेपलीकडचं, आणि नायट्रॉक्स म्हणजे जास्त ऑक्सिजन घातलेली हवा. नवीन पोरं या मेसेजवर भरवसा ठेवून पैसे भरतात, म्हणून लिहितोय.

आधी 40 मीटर. ही ट्रेनिंग एजन्सींची रेघ आहे, आणि त्यांच्याही व्याख्येत खोली हा एकच मुद्दा नाही. वर येताना सक्तीचा डेको स्टॉप (अंगात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून वाटेत थांबणं) लागत असेल, गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात इतकं आत गेलात की पाण्याबाहेर यायचं एकूण अंतर 40 मीटरच्या वर जातंय, किंवा एकाच डाइव्हमधे गॅस बदलताय, तरी ते टेक्निकलच. आता बघा, पाडी या ट्रेनिंग एजन्सीच्या टेबलवर साध्या हवेवर 35 मीटरला नो-डेको वेळ, म्हणजे डेको स्टॉप न लागता खाली राहता येतं तो, 14 मिनिटं. तिथे कोणी ठरवून 25 मिनिटं थांबला तर तो 40 च्या आतच आहे पण डाइव्ह डेकोची झाली. आणि सेफ्टी स्टॉपची 3 मिनिटं वेगळी, ती खबरदारी म्हणून असतात, ती केली म्हणजे डेको डाइव्ह झाली असं नाही. चुकून मिनिटभर वेळ ओलांडली तर काय, हे तुमच्या पॉलिसीत "प्लॅन केलेला डेको" लिहिलंय की नुसतं "डेको" यावर ठरतं, म्हणून हा शब्द सही करायच्या आधी शोधा. डायव्हरच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमधे डाइव्हचा अख्खा प्रोफाइल (किती खोल, किती वेळ) राहतो, तो क्लेमच्या वेळी मागू शकतात. शिवाय बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसी 30 मीटरलाच थांबतात, काही तुमच्या सर्टिफिकेटची मर्यादा धरतात, म्हणजे ओपन वॉटर हे सुरुवातीचं सर्टिफिकेट असलेल्याला 18 मीटर.

नायट्रॉक्सचं म्हणणं चुकीचंच आहे. 40 टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन, तोच एक गॅस पूर्ण डाइव्हभर, डेको नाही, तर रिक्रिएशनलच. फक्त 32 टक्क्यांवर खोलीची मर्यादा साधारण 33 मीटर येते, ती पाळा.

हेल्थ पॉलिसी. विमा नियामक आयआरडीएआयने जे स्टँडर्ड एक्सक्लूजन (विम्यात काय धरायचं नाही ते) ठरवलंय त्यात स्कूबाचं नाव आहे खरं, पण ते "प्रोफेशनल म्हणून" भाग घेणाऱ्यासाठी. हौशी माणसाने आपली पॉलिसी उघडून तो शब्द वाचावा, एजंट फोनवर "नाही होत" म्हणाला म्हणून सोडून देऊ नये. पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसीचे शब्द मात्र वेगळे असू शकतात.

आणि धरण. गंगापूर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचावर आहे, 300 च्या वर गेलं की अल्टिट्यूडचा हिशोब लागतो, समुद्राचं टेबल जसंच्या तसं वापरता येत नाही. ते टेक्निकल नाही, पण पैसे घेऊन पंप सोडवायला किंवा काही शोधायला उतरलात तर ते काम झालं, मग पाणी 8 मीटर का असेना, हौशी डायव्हरची पॉलिसी तिथे सहसा लागू होत नाही.

तर एजंटला ईमेलवर विचारा: खोली किती, डेकोचं काय, गुहेत किंवा जहाजात छताखाली आत जाणं चालतं का, पैसे घेऊन उतरलो तर काय. उत्तर लेखीच घ्या. क्लेम नाकारला तर कारणही लेखी मागा, आधी कंपनीकडे तक्रार करा, 30 दिवसांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर नाशिककरांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं, त्याला फी नाही.